वारंवार हँग होणारा संगणक आणि जुने फर्मवेअर: तपास कोणत्या क्रमाने करावा

संगणक दिवसभर व्यवस्थित चालतो आणि आठ-दहा दिवसांतून एकदा, कोणतेही जड काम सुरू नसताना, पडदा आहे तिथेच थिजतो. माउसचा बाण हलत नाही, गाणे सुरू असेल तर त्याचा शेवटचा अर्धा सेकंद घरघरत पुन्हापुन्हा वाजत राहतो, आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कधी थिजण्याऐवजी तो न सांगता रीस्टार्ट होतो. लॅपटॉप असेल तर झाकण उघडल्यावर स्लीपमधून जागाच होत नाही. दुरुस्तीसाठी नेला की दोन दिवस गुणी बाळासारखा वागतो, आणि परत आणल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा तोच प्रकार.

अशा तक्रारीवर बहुतेक जण प्रथम विंडोज नव्याने टाकतात. मीही टाकले आहे, तेही एकाच संगणकावर दोनदा. त्याचा उपयोग झाला नाही, आणि दोष फर्मवेअरच्या, म्हणजे हार्डवेअरमध्येच साठवलेल्या आणि ते चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, पातळीवर असेल तर तो होणारही नसतो, कारण फर्मवेअर हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवरील फाइलींत राहत नाही. मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते, तिची क्षमता साधारणपणे १६ किंवा ३२ मेगाबाइट असते, आणि संगणक सुरू करणारे मूळ फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा आजच्या भाषेत यूईएफआय, तिच्यात असते. डिस्क कितीही वेळा फॉरमॅट केली तरी त्या चिपमधील एकही अक्षर बदलत नाही. मेमरीला किती व्होल्टेज द्यायचे, प्रोसेसर रिकामा असताना त्याला किती खोल झोपवायचे, झोपेतून उठवताना कोणत्या क्रमाने भाग जागे करायचे, हे सारे तिथे ठरते. त्यातील एखादा आकडा किंचित चुकीचा असेल तर संगणक बंद पडत नाही. तो कधीतरी पडतो, आणि हे ‘कधीतरी’च शोधायला सर्वात अवघड असते.

संगणकात फर्मवेअर एकच नसते, ही गोष्टही सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. लॅपटॉपमध्ये बॅटरी, पंखा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या कंट्रोलरचे वेगळे, एसएसडीचे वेगळे, थंडरबोल्ट पोर्टचे वेगळे, टेबलावर ठेवलेल्या डॉकिंग स्टेशनचे आणखी वेगळे. शिवाय प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आतल्या कामकाजाच्या सूचना, असतो, जो प्रोसेसरमध्ये कायमचा बसत नाही. दर वेळी संगणक सुरू होताना बायोस किंवा कार्यप्रणाली तो नव्याने भरते. ‘बायोस अपडेट केले तरी फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांचा दोष बायोसमध्ये नसतोच.

फर्मवेअरमुळे खरोखर असे होते का

होते, आणि त्याची जाहीर झालेली उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. त्यातील काही येथे मुद्दाम देतो, कारण त्यांतून लक्षणे ओळखायला मदत होते.

क्रुशियल कंपनीच्या एम४ या एसएसडीत एक विलक्षण दोष होता. ती एकूण ५,१८४ तास चालली, म्हणजे बरोबर २१६ दिवस सलग चालण्याइतका काळ भरला, की संगणक कोसळायचा. पुन्हा सुरू केल्यावर नीट चालायचा आणि तासाभराने पुन्हा कोसळायचा. एसएसडी किती तास चालली याची नोंद ठेवणाऱ्या मोजणीत ती चूक होती. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ०३०९ क्रमांकाच्या फर्मवेअरने ती दूर झाली. ज्यांना हे माहीत नव्हते त्यांनी मधल्या काळात मेमरी, पॉवर सप्लाय आणि विंडोज यांवर संशय घेतला असणार, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या काही सर्व्हर-एसएसडींबाबत याहून गंभीर सूचना काढली: ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास पूर्ण होताच ती एसएसडी निकामी होईल आणि आतला डेटाही परत मिळणार नाही. उपाय एकच होता, तो क्षण येण्यापूर्वी फर्मवेअर बदलणे.

प्रोसेसरच्या बाजूची उदाहरणे अलीकडची आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये एएमडीने मान्य केले की काही रायझन संगणकांत फर्मवेअरमधील टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारा भाग, मदरबोर्डवरील फ्लॅश चिपशी जास्त वेळ व्यवहार करत बसतो आणि तेवढा वेळ संगणक अडखळतो. त्यावरचा उपाय बायोसच्या नव्या आवृत्त्यांतून आला. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांची अस्थिरता गाजली. तिथे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ मधील ०एक्स१२९ या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला, आणि २०२५ मध्ये ०एक्स१२एफ आला तो सलग अनेक दिवस हलक्या कामावर सुरू राहणाऱ्या संगणकांसाठी. यातील एक बारकावा फार महत्त्वाचा आहे: मायक्रोकोडने पुढचे नुकसान टळते, पण ज्या प्रोसेसरची आधीच झीज झाली आहे तो त्याने बरा होत नाही. अपडेटनंतरही संगणक पडत राहिला तर अपडेट निरुपयोगी होते असा अर्थ काढू नये. ते उशिरा झाले असाही अर्थ असू शकतो, आणि मग वॉरंटीत प्रोसेसर बदलून घेणे हाच मार्ग उरतो.

याच्या नेमके उलटेही घडलेले आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरांतील सुरक्षा-त्रुटीवरील उपाय म्हणून दिलेल्या मायक्रोकोडमुळे ब्रॉडवेल आणि हॅसवेल प्रोसेसर असलेले संगणक अवेळी रीस्टार्ट होऊ लागले, तेव्हा २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच ते अपडेट पुढे देऊ नये असे कळवले. म्हणून ‘नवे ते चांगले’ या एका सूत्रावर हा तपास चालत नाही.

आधी पुरावा, मग अपडेट

पुढच्या वेळी पडदा थिजला की बटण दाबून धरण्यापूर्वी दोन गोष्टी करून पाहाव्यात. कॅप्स लॉकची कळ दाबावी. दिवा लागत-विझत असेल तर कार्यप्रणाली अजून जिवंत आहे आणि केवळ चित्र अडकले आहे. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि पुष्कळदा पडदा परत येतो. अशा वेळी संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. दिवा अजिबात बदलत नसेल तर अडचण खोल आहे.

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टीमच्या नोंदी पाहाव्यात. तिथे कर्नल-पॉवर या नावाने ४१ क्रमांकाची नोंद हमखास सापडते आणि अनेकांना वाटते की कारण सापडले. त्या नोंदीत एवढेच लिहिलेले असते की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, आणि ते तर आपण डोळ्यांनी पाहिलेलेच असते. खरा शोध घ्यायचा तो डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाच्या नोंदींचा. १८ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्डवेअरने सांगितलेली, सावरता न आलेली चूक. १७ आणि १९ म्हणजे चूक झाली पण ती तिथल्या तिथे दुरुस्त केली गेली. थिजण्याच्या आधीच्या दिवसांत १७ किंवा १९ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली असेल तर विंडोज नव्याने टाकण्यात वेळ घालवू नये. काहीच नोंद नसणे हीसुद्धा माहिती आहे: इतक्या अचानक थांबला की लिहायलाही सवड मिळाली नाही.

रिलायबिलिटी मॉनिटर हे विंडोजमधील दुर्लक्षित साधनही उघडून पाहावे. दिवसांच्या रांगेत लाल खुणा कोणत्या तारखेपासून सुरू झाल्या आणि त्याच सुमारास कोणते ड्रायव्हर किंवा अपडेट आले, हे तिथे एका नजरेत दिसते. खुणा संगणक विकत घेतल्यापासूनच असतील तर एक अर्थ, आणि दोन वर्षे कोरी जाऊन मग सुरू झाल्या असतील तर अगदी वेगळा. जे फर्मवेअर दोन वर्षे बदललेलेच नाही ते अचानक बिघडले असे क्वचित घडते, वर सांगितलेल्या तास मोजणाऱ्या एसएसडीचा अपवाद सोडून. अशा वेळी धूळ, आटलेली थर्मल पेस्ट, थकलेला पॉवर सप्लाय किंवा ढिली झालेली केबल यांची शक्यता अधिक.

तापमान आणि केबल पाहून झाल्यावर मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून सुरू करून किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. रात्री लावून झोपावे हे उत्तम. एकही चूक दिसली तर ती ‘किरकोळ’ नसते. मात्र चाचणीत काहीही न सापडणे म्हणजे मेमरी निर्दोष असा निर्वाळा नव्हे.

माझी झालेली फसगत

येथे स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे, कारण या लेखातील सर्वात महत्त्वाची सूचना त्यातूनच आलेली आहे. मी ज्या डेस्कटॉपवर दोनदा विंडोज टाकले, त्यात ३६०० वेगाची मेमरी होती आणि एक्सएमपी, म्हणजे मेमरी तिच्या जाहीर केलेल्या जास्त वेगावर चालवणारे बायोसमधील सेटिंग, सुरू केलेले होते. प्रोसेसरला अधिकृतपणे ३२०० पर्यंतचाच वेग मान्य होता. पण सगळेच ३६०० वर चालवतात, म्हणून मीही चालवत होतो. बायोस साडेतीन वर्षे जुने होते. ते अपडेट केले आणि संगणक २४ दिवस एकदाही अडला नाही. मी आजूबाजूच्या चार जणांना छातीठोकपणे सांगितले की बायोस अपडेट करा, सगळे नीट होते.

मग एका रविवारी लक्षात आले की मेमरी २६६६ वरच चालते आहे. अपडेट करताना बायोसची सर्व सेटिंग मूळ स्थितीत गेली होती आणि एक्सएमपी आपोआप बंद झाले होते. ते सुरू केले, आणि सहाव्या दिवशी, एक साधी वहीखात्याची फाइल उघडलेली असताना, पडदा पुन्हा थिजला. म्हणजे त्या २४ दिवसांचे श्रेय नव्या बायोसचे नव्हतेच. वेग उतरल्याचे होते. पुढे आणखी दोन आवृत्त्या आल्या, त्यांपैकी दुसरीच्या टिपणात मेमरीच्या सुसंगतीत सुधारणा केल्याचा उल्लेख होता. ती टाकल्यावर मात्र ३६०० वर तो संगणक सात महिने विनातक्रार चालला आहे. अपडेटने काम केले हे खरे. पण ज्याला मी शाबासकी दिली होती त्या अपडेटने नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवावा की अपडेट करण्याआधी, आहे त्याच आवृत्तीवर, बायोसमधील सेटिंग मूळ स्थितीत आणावीत आणि मग थांबावे. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. मूळ सेटिंगवर तक्रार थांबली तर दोष एक्सएमपी, एक्सपो (एएमडीचे तसेच सेटिंग), अंडरव्होल्टिंग (प्रोसेसरला मुद्दाम कमी व्होल्टेज देणे) किंवा अशाच एखाद्या हाताने बदललेल्या गोष्टीत आहे, आणि अपडेटचा उद्देशही त्यामुळे नेमका होतो: मेमरीबाबत सुधारणा असलेली आवृत्ती शोधणे. मूळ सेटिंगवरही तक्रार सुरूच राहिली तर एक मोठा भाग संशयातून सुटला.

किती दिवस थांबायचे याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, कारण त्यात साधे गणित आहे. समजा संगणक सरासरी नऊ दिवसांतून एकदा अडतो आणि त्याला ठरावीक वार नाही. काहीही दुरुस्त न करता सलग नऊ दिवस शांततेत जाण्याची शक्यता तब्बल ३७ टक्के असते. अठरा दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, आणि सत्तावीस दिवसांची ५ टक्के. म्हणजे ‘आठवडाभर झाला, काही त्रास नाही’ या वाक्याला पुराव्याचे वजन जवळजवळ नाही. सरासरी अंतराच्या तिप्पट काळ थांबावे आणि त्या काळात दुसरे काहीही बदलू नये; नवा ड्रायव्हर नाही, नवी मेमरी नाही. हे कंटाळवाणे आहे, पण चार बदल एका दिवशी करून नेमके कशाने बरे वाटले हे आयुष्यभर न कळण्यापेक्षा बरे.

कोणती आवृत्ती, आणि कशी टाकावी

विंडोजमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडल्यास बायोसची आवृत्ती आणि तारीख, तसेच मदरबोर्डचे नाव मिळते. लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही आज्ञा तेच सांगते. मॅकच्या वापरकर्त्यांना येथे फारसे काही करायचे नसते, कारण तिथे फर्मवेअर मॅकओएसच्या अपडेटबरोबरच येते. जुळणी केलेल्या डेस्कटॉपसाठी मदरबोर्डच्या नावाबरोबर त्याची रिव्हिजनही पाहावी; ती बोर्डच्या एखाद्या कोपऱ्यात छापलेली असते आणि १.० साठीचे बायोस १.१ ला चालेलच असे नाही. फाइल केवळ उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. ‘सगळे ड्रायव्हर आणि बायोस एका क्लिकवर’ असे आश्वासन देणाऱ्या तिऱ्हाईत सॉफ्टवेअरपासून चार हात दूर राहावे, याबाबत माझे मत पक्के आहे.

आवृत्त्यांची टिपणे वाचणे हे एक कौशल्यच आहे, कारण त्यांत बहुधा ‘सिस्टीमच्या स्थैर्यात सुधारणा’ एवढेच लिहिलेले असते. आपल्याकडील आवृत्तीपासून नव्या आवृत्तीपर्यंतची सर्व टिपणे वाचावीत, केवळ शेवटचे नव्हे. त्यांत मेमरी, स्लीप, मायक्रोकोड, यूएसबी किंवा एएमडीच्या बाबतीत एजीईएसए (एएमडी मदरबोर्ड उत्पादकांना देते तो बायोसचा मूळ भाग) असे शब्द आपल्या लक्षणांशी जुळतात का ते पाहावे. बीटा आवृत्ती टाळावी, आणि कालच आलेली आवृत्ती असेल तर दोन आठवडे इतरांना टाकू द्यावी. काही वेळा ‘आधी अमुक आवृत्ती टाका, मगच ही’ अशी अट असते, तर काही वेळा एकदा वर गेल्यावर खाली येता येत नाही असा इशारा असतो. दोन्ही वाक्ये बारीक अक्षरात असतात आणि दोन्ही महत्त्वाची असतात.

वारंवार थिजणाऱ्या संगणकावर विंडोजमधून बायोस अपडेट करू नये. विंडोजमधील अपडेटचे साधन सोयीचे असते हे खरे, पण ज्या संगणकाचा पुढच्या दहा मिनिटांचा भरवसा नाही त्याच्यावर चालत्या विंडोजमधून फ्लॅश चिप पुसायला लावणे म्हणजे हाताने संकट ओढवून घेणे आहे. त्याऐवजी पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यावर फाइल ठेवावी आणि बायोसमधीलच फ्लॅश करण्याचे, म्हणजे चिपमध्ये नवी फाइल भरण्याचे, साधन वापरावे. लॅपटॉपच्या काही उत्पादकांकडे केवळ विंडोजमधून चालणारी फाइल मिळते. पण ती फाइल बहुधा स्वतः चिपला हात न लावता संगणक रीस्टार्ट करून काम पुढे यूईएफआयकडे सोपवते, त्यामुळे तिथे धोका कमी असतो. फ्लॅश करण्यापूर्वी सेटिंग मूळ स्थितीत असावीत, याचे कारण असे की नवी फाइल चिपमध्ये जाण्याआधी मेमरीतूनच जाते, आणि ती मेमरीच संशयित असेल तर तिला तिच्या सर्वात सावध वेगावर ठेवलेले बरे. डेस्कटॉपला यूपीएस असावा. लॅपटॉपला चार्जर जोडलेला असावा आणि बॅटरीही पुरेशी भरलेली असावी.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कचे कूटलेखन, हा मधला सापळा आहे. फर्मवेअर बदलले की टीपीएमने टिपून ठेवलेली मोजमापे बदलतात आणि पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती हाताशी नसेल तर डेटा आपलाच असून आपल्याला उघडता येत नाही. अपडेटपूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि तरीही ती की कागदावर उतरवून ठेवावी. विशेषतः नव्या लॅपटॉपमध्ये हे कूटलेखन मालकाला न सांगताच सुरू झालेले असू शकते, तेव्हा ‘मी तर ते कधी लावलेच नाही’ यावर विसंबू नये. एएमडीच्या काही बोर्डांवर अपडेटनंतर फर्मवेअरमधील टीपीएम नव्याने सुरू करायचे का असा प्रश्न वाय आणि एन या पर्यायांसह येतो; वाय दाबल्यास जुन्या चाव्या पुसल्या जातात. तो संदेश पूर्ण वाचल्याशिवाय कळ दाबू नये.

अपडेट सुरू झाल्यावर सर्वात कठीण काम असते ते काहीही न करण्याचे. टक्केवारीची पट्टी शंभरावर पोहोचते, संगणक बंद होतो, पंखे जोरात फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात, आणि पडदा काळाच राहतो. डीडीआर५ मेमरीच्या संगणकात नव्या बायोसनंतर मेमरी ट्रेनिंग पहिल्यापासून होते, म्हणजे प्रत्येक वाहिनीसाठी वेळा आणि व्होल्टेज जुळवून पाहिले जातात, आणि त्याला अनेक मिनिटे लागू शकतात. अशाच एका वेळी मी घड्याळ समोर ठेवून बसलो होतो. चौथ्या मिनिटाला हात बटणाकडे गेला, सहाव्याला मनात नव्या मदरबोर्डचा विचार आला, आणि साडेसातव्या मिनिटाला उत्पादकाचे चिन्ह पडद्यावर उमटले. बोर्डवर मेमरीचा छोटा दिवा असेल तर तो या काळात पेटलेला असतो, तो दोषाची खूण समजू नये. किमान पंधरा ते वीस मिनिटे वीज तोडायची नाही, एवढे मनाशी आधीच ठरवून ठेवावे.

एवढे करूनही बोर्ड सुरूच झाला नाही तर लगेच आशा सोडू नये. अनेक डेस्कटॉप बोर्डांच्या मागे फ्लॅशबॅकचे बटण असते. ठरावीक नाव दिलेली फाइल पेनड्राइव्हवर ठेवून, ठरावीक यूएसबी पोर्टमध्ये लावून ते दाबले की प्रोसेसरविनाही चिप भरता येते. काही बोर्डांवर दुसरी राखीव बायोस चिप असते. लॅपटॉपमध्ये काही विशिष्ट कळा धरून सुरू केल्यास रिकव्हरीची सोय असते. यांतील काहीच नसेल तर चिप प्रोग्रॅमरवर भरून देणाऱ्या तंत्रज्ञाकडेच जावे लागते.

अपडेटनंतर

जुन्या आवृत्तीत जतन केलेले सेटिंगचे प्रोफाइल नव्या आवृत्तीत तसेच उचलून टाकू नये. फोटो पाहून हाताने भरावे. त्यातही आधी बायोस डिस्क कोणत्या पद्धतीने हाताळते ते पाहावे. पूर्वी रेड किंवा इंटेलचे आरएसटी सुरू असेल आणि मूळ सेटिंगमध्ये ते एएचसीआय झाले असेल, तर विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो आणि सगळा दोष नव्या बायोसच्या माथी मारला जातो. तो पर्याय पूर्ववत केला की विंडोज निमूट सुरू होते. व्हर्च्युअलायझेशन, बूटचा क्रम, सिक्युअर बूट (अधिकृत सही नसलेला प्रोग्राम सुरुवातीलाच रोखणारी सोय) हे त्यानंतर. एक्सएमपी किंवा एक्सपो मात्र लगेच सुरू करू नये. त्याचा क्रमांक शेवटचा, आणि तोही वर सांगितलेला तिप्पट काळ शांततेत गेल्यावर.

बायोस नवे आहे, सेटिंग मूळ आहेत, मेमरी निर्दोष दिसते आणि तरीही संगणक अडतो, अशा वेळी इतर फर्मवेअरकडे वळावे. एसएसडीसाठी उत्पादकाचे स्वतःचे सॉफ्टवेअर वापरावे आणि आधी बॅकअप घ्यावा, यात सवलत नाही. एसएसडीचा दोष ओळखण्याची एक खूण अशी की पडदा थिजूनही माउस काही क्षण हलत राहतो, उघडलेल्या खिडक्या एकेक करून प्रतिसाद देणे सोडतात, आणि बटण दाबून सुरू केल्यावर कधीकधी बायोसला बूट करण्यासाठी डिस्कच सापडत नाही; वीज पूर्ण काढून पुन्हा दिली की ती परत दिसते. लॅपटॉप केवळ डॉकला जोडलेला असतानाच अडत असेल तर डॉक आणि थंडरबोल्ट यांचे फर्मवेअर पाहावे. अशा तक्रारीत लॅपटॉप एकटा आठवडाभर वापरून पाहणे ही बिनखर्चाची आणि सर्वात खात्रीची चाचणी आहे. लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी हे साधन २०१५ पासून अनेक उत्पादकांचे फर्मवेअर एका ठिकाणाहून देते आणि यंत्रातील कोणत्या भागाचे फर्मवेअर कोणत्या आवृत्तीचे आहे याची यादीही दाखवते. ती यादी पहिल्यांदा पाहिल्यावर आपल्या साध्या लॅपटॉपमध्ये इतकी फर्मवेअर दडलेली आहेत याचे आश्चर्य वाटते.

उत्पादकाने बायोस देणे केव्हाच थांबवले असेल तर तडजोडीचे उपाय उरतात: मेमरीचा वेग एक पायरी उतरवणे, किंवा केवळ रिकामा असतानाच अडणाऱ्या संगणकात प्रोसेसरच्या खोल झोपेच्या अवस्था बंद करणे. दुसऱ्या उपायाने वीज थोडी जास्त लागते. जुन्या संगणकात तारीख-वेळ मागे पडत असेल आणि सेटिंग आपोआप पुसली जात असतील, तर आधी तीन व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी बदलावी. ती मेली असेल तर आपण ठरवलेली सेटिंग टिकतच नाहीत आणि सगळा तपास वाळूवर उभा राहतो.

उलट बाजूने, जो संगणक नीट चालतो त्याचे बायोस केवळ नवी आवृत्ती दिसली म्हणून बदलावे का? टिपणात फक्त नव्या प्रोसेसरांना आधार दिल्याचा उल्लेख असेल तर मी बदलत नाही. पण ‘चालतेय तोवर हात लावू नका’ हा जुना दंडक आता सर्वस्वी पाळता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या लोगोफेल या त्रुटींनी सुरुवातीच्या चिन्हाचे चित्र वाचणाऱ्या यूईएफआयमधील भागातूनच शिरकाव शक्य असल्याचे दाखवले, आणि सिक्युअर बूटसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, त्यामुळे नवी प्रमाणपत्रे संगणकात पोहोचली आहेत का हे पाहणे भाग आहे. सहा महिन्यांतून एकदा टिपणे वाचावीत, आणि सुरक्षेचा किंवा स्थैर्याचा उल्लेख असेल तरच पुढे जावे.

सगळे करूनही तक्रार राहिलीच तर सेवा केंद्रात ‘मधूनमधून हँग होतो’ एवढेच सांगू नये, कारण त्यांच्यासमोर तो दोन दिवस हँग होणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे. एका कागदावर थिजण्याच्या तारखा आणि वेळा, त्या वेळी काय सुरू होते, कॅप्स लॉकचा दिवा बदलत होता की नाही, डब्ल्यूएचईएच्या नोंदींचे क्रमांक, बायोस आणि एसएसडीच्या फर्मवेअरची आधीची व आताची आवृत्ती आणि बदलाची तारीख, मूळ सेटिंगवर किती दिवस चालवून पाहिले, आणि मेमटेस्टच्या किती फेऱ्या झाल्या, हे लिहून द्यावे. माझ्या ओळखीतील एका लॅपटॉपचा मदरबोर्ड दोनदा ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह परत आला होता. तिसऱ्या वेळी सोबत चौदा तारखांचा असा कागद दिला, आणि तो बदलून मिळाला.